दुःखानुभव, आरोग्य आणि ईश्वरावलंबन : मराठी ख्रिस्ती जीवनाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

दुःखाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न प्रत्येक धर्मपरंपरेने केला आहे. कोणी ते कर्मफळ मानले, कोणी परीक्षा, तर कोणी अज्ञानाचे कार्य मानले. ख्रिस्ती धर्मविचारात दुःखाच्या कारणाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक विचार दुःखात माणसाने कोणाचा आधार घ्यावा, याचा झालेला आढळतो. संकटे, आजार, वियोग आणि दारिद्र्य यांमधून जात असताना मनुष्य हळूहळू ईश्वरावर विसंबावयास शिकतो, अशी या धर्माची धारणा आहे. प्रस्तुत लेखात या शिकण्याच्या प्रक्रियेस ‘ईश्वरावलंबन’ असे म्हटले आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा विषय केवळ धर्मशास्त्रीय नाही. मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिमेकडील उत्तन, डोंगरी या पट्ट्यात कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आहे. १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहरात पुढे गोवा, केरळ, तामिळनाडू व देशाच्या अन्य भागांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची भर पडली. या घरांतील मुले-मुली आपल्या वर्गांत असतात. घरात दीर्घ आजार आला, मिळवता माणूस गेला, की यांपैकी अनेकांच्या तोंडी ‘देवावर भरवसा आहे’ हे वाक्य येते. हे वाक्य दुबळेपणाचे लक्षण आहे की सामर्थ्याचे, ते प्रयत्न थांबविते की प्रयत्नास बळ देते, हे समजून घेतल्याशिवाय त्या विद्यार्थ्याशी आपला संवाद पूर्ण होत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रस्तुत लेखात प्रथम बायबलमधील आधार, त्यानंतर पंडिता रमाबाई व टिळक दांपत्य यांचे जीवन आणि शेवटी प्रार्थना व औषधोपचार यांचा संबंध, या क्रमाने विवेचन केले आहे.

बायबलमधील आधार

ईश्वरावलंबनाचा पहिला मोठा पाठ जुन्या करारातील निर्गमाच्या कथेत आढळतो. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएल लोकांना रानात ‘मान्ना’ नावाचे अन्न मिळत असे. ते रोज सकाळी त्या दिवसापुरतेच गोळा करावयाचे होते. दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवलेले अन्न नासत असे. अपवाद केवळ शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा. या कथेतील अवलंबन हे एकदाच करून टाकावयाचे कृत्य नाही, तो रोजचा अभ्यास आहे. तसेच अन्न ईश्वराचे असले तरी ते वेचण्याचे श्रम माणसाचेच आहेत, हेही येथे ध्यानात घ्यावे. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी येते, तिची पार्श्वभूमी या कथेत आहे.

दुसरा पाठ ईयोबाच्या ग्रंथाचा. संपत्ती, संतती व आरोग्य गमावलेल्या ईयोबाला त्याचे मित्र समजावतात की, हे सारे त्याच्या पापाचेच फळ असले पाहिजे. ईयोब ते मान्य करीत नाही. तो देवाशी वाद घालतो, त्याच्याकडे दाद मागतो. ग्रंथाच्या शेवटी देव दुःखाचे कारण सांगत नाहीच. उलट ईयोबाच्या मित्रांनाच दोष देतो. ख्रिस्ती अवलंबनात तक्रारीला, अश्रूंना आणि प्रश्नांना जागा आहे, हे या ग्रंथावरून स्पष्ट होते. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे अशाच आक्रोशाने भरलेली आहेत.

नव्या करारात हा विचार अधिक स्पष्ट होतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की, पाप याने केले की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. आजार म्हणजे वैयक्तिक पापाची शिक्षा, हे समीकरण येथे मोडले गेले. गेथशेमाने बागेत स्वतः येशू दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो आणि अखेर पित्याच्या इच्छेस स्वतःला स्वाधीन करतो. संत पौलाने आपल्या देहातील ‘काटा’ दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. तो काटा गेला नाही, परंतु तो सोसण्यास पुरेशी कृपा मिळाल्याचे त्याने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात नमूद केले.

लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांची कथा या संदर्भात विशेष बोलकी आहे. दहाही जण शुद्ध झाले, परंतु आभार मानण्यास एकच परत आला आणि तोही परका मानला गेलेला शमरोनी होता. बरे होणे आणि ईश्वराशी नाते जडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असा या कथेचा आशय. आरोग्य लाभूनही अवलंबन शिकता न येणे शक्य आहे. याउलट पौलाप्रमाणे आरोग्य न लाभताही ते शिकता येते.

पंडिता रमाबाई : दुष्काळापासून मुक्तीपर्यंत

महाराष्ट्रात या विचाराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृत पंडित होते. आपल्या पत्नीस संस्कृत शिकविल्यामुळे त्यांना विरोध सोसावा लागला. पुढे हे कुटुंब पुराणकथन करीत तीर्थोतीर्थी फिरू लागले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या काळात त्यांच्यावर उपासमारीची वेळ आली. व्रते, दानधर्म, अनुष्ठाने सर्व काही झाले होते. संचित द्रव्य त्यातच संपले होते. थोड्याच अवधीत वडील, आई आणि थोरली बहीण मरण पावली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथे त्यांच्या विद्वत्तेचा ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरव झाला. १८८० साली बंधू गेले. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाहही अल्पकाळाचा ठरला. १८८२ साली पटकीने पतीचे निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत हे सारे आघात त्यांनी सोसले होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. दैवी आधारावर जगणे रमाबाईंना ख्रिस्ती धर्माने प्रथम शिकविले, असे म्हणता येत नाही. त्यांचे आईवडील अत्यंत श्रद्धाळू होते आणि त्या श्रद्धेपायी त्यांनी सर्वस्व वेचले होते. रमाबाईंच्या बाबतीत बदलला तो अवलंबनाचा आशय. विधी बिनचूक पार पाडल्याने फळ मिळते, हा विश्वास दुष्काळात ढळला होता. त्या जागी लायकीची अट न घालणाऱ्या, पतित व दुर्बल यांना आधी जवळ करणाऱ्या ईश्वराची कल्पना त्यांना ख्रिस्तामध्ये दिसली. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तथापि बाप्तिस्म्याने हे शिक्षण पूर्ण झाले नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षपर आत्मनिवेदनात त्यांनी सांगितले आहे की, प्रारंभी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला नव्हता. तो अनुभव त्यांना १८९१ च्या सुमारास आला. ब्रिस्टल येथे कोणाकडेही मदत न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालविणारे जॉर्ज म्युलर, तसेच चीनमध्ये कार्य करणारे हडसन टेलर यांच्या कार्याचे वृत्तांत त्यांच्या वाचनात आले. इतर देशांत ज्याप्रमाणे ईश्वरावर विसंबून संस्था चालतात, त्याप्रमाणे हिंदुस्थानात का चालू नयेत, असा प्रश्न त्यांना पडला.

हा प्रश्न त्यांच्यासाठी व्यावहारिकही होता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यास हलविलेले शारदा सदन हे अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनच्या दहा वर्षांच्या हमीवर उभे होते. १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद झाला, पुण्यातील सुधारक मंडळींनी पाठिंबा काढून घेतला आणि अनेक मुली पालकांनी परत नेल्या. हमीची मुदत संपत येत असतानाच १८९६–९७ चा दुष्काळ आला. बालपणी स्वतः दुष्काळ भोगलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आश्रयास आणल्या. हिशेबाच्या दृष्टीने हे धाडसच होते. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरल्यामुळे या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले आणि केडगाव येथील शेतजमिनीवर आसरा उभारावा लागला. तेथूनच मुक्ती सदन आकारास आले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या १,९०० च्या घरात गेली.

अवलंबन आणि उद्योग

मुक्ती सदनाचा दिनक्रम पाहिला म्हणजे ईश्वरावलंबन व निष्क्रियता यांतील अंतर ध्यानात येते. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती व दुग्धव्यवसाय चालला, विणकाम झाले, छापखाना उभा राहिला. अंधांसाठी ‘बार्तीमी सदन’, फसवणुकीस बळी पडलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’, वृद्ध व अपंगांसाठी ‘प्रीती सदन’ अशा शाखा निघाल्या. ‘मुक्ती प्रेअर बेल’ या नियतकालिकातून संस्थेच्या गरजा व कार्याची माहिती देणगीदारांपर्यंत पोहोचत असे. म्युलरपासून त्यांनी प्रेरणा घेतली, पण देणगीदारांशी संबंध मात्र तोडला नाही. ईश्वर माणसांच्या हातूनच देतो, या समजुतीत त्यांना विसंगती वाटली नाही.

त्यांचे अवलंबन अन्यायाविषयी मूकही नव्हते. १८९७ साली पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील व्यवस्थेवर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रातून जाहीर टीका केली आणि सरकारची नाराजी ओढवून घेतली. इंग्लंडमध्ये असताना सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातही चर्चच्या अधिकाराला डोळे झाकून शरण जाण्यास त्यांनी नकार दिला होता. यावरून असे दिसते की, ईश्वराला सर्वस्वी शरण गेलेली ही स्त्री माणसांच्या धाकापासून मात्र मुक्त होत गेली. अंतिम आधार एकच मानल्यावर पंडित, पुरोहित, बिशप, सरकार वा देणगीदार यांपैकी कोणीही अंतिम राहत नाही. ईश्वरावलंबनाचे हे सामाजिक फलित मोलाचे आहे.

आरोग्याच्या संदर्भात रमाबाईंचे जीवन आणखी एक गोष्ट शिकविते. इंग्लंडला जाताना वैद्यकीय शिक्षणाचा त्यांचा मानस होता. वाढत्या बहिरेपणामुळे तो सोडावा लागला. हा बहिरेपणा बरा झाला नाही. १९०५ साली मुक्ती सदनात मोठी आध्यात्मिक जागृती झाली, प्रार्थनासभा रात्रंदिवस चालल्या. तरीही संस्थापिकेचे कान तसेच राहिले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत बायबलचा अनुवाद करण्याचे प्रचंड काम त्यांनी या अवस्थेतच केले. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या व सहकारी मनोरमा निवर्तली. त्यानंतर नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंचे देहावसान झाले. त्यांचे बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. प्रार्थनेचे उत्तर म्हणजे रोगमुक्तीच, असा निकष लावल्यास हे जीवन अयशस्वी ठरेल. तसे ते ठरत नाही, यातच ख्रिस्ती अवलंबनाचा अर्थ दडलेला आहे.

टिळक दांपत्य : शिकण्याच्या दोन वाटा

रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे लक्ष्मीबाईंवर ओढवलेला वियोग, माहेर-सासरची कुचंबणा आणि मनाची उलाघाल यांचे चित्रण १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त आले आहे. लक्ष्मीबाईंना ईश्वरावलंबन कोणा उपदेशकाने शिकविले नाही. सोवळेओवळे, पाणी, स्वयंपाक या रोजच्या गोष्टींतून त्यांचे मन पालटत गेले. जातिभेद देवाचा नसून माणसाचा आहे, ही जाणीव त्यांना आधी झाली आणि पाच वर्षांच्या अवधीनंतर त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. दुःखाकडे मिश्कीलपणे पाहण्याची त्यांची वृत्ती अवलंबनाचेच एक रूप मानता येईल. स्वतःच्या दुःखाला हसू शकणारा माणूस त्या दुःखाला सर्वाधिकारी मानीत नाही.

टिळकांची वाट निराळी होती. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती. स्वतः तुकाराम महाराजही १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात व्यापार बुडाल्यावर आणि पत्नी गेल्यावर विठ्ठलचरणी अधिक दृढ झाले. अनन्य शरणागतीची ही मराठी परंपरा टिळकांच्या ख्रिस्ती भजनांत उतरली. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगारी सेवेचा त्याग करून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दरमहा निश्चित मिळणारे वेतन सोडून देणे म्हणजे मान्नाच्या कथेकडे परत जाणेच होते. रमाबाईंवर दारिद्र्य लादले गेले होते. टिळकांनी अनिश्चितता स्वतः निवडली. दोघांचे गंतव्य एकच असले तरी या दोन अनुभवांत मूलभूत फरक आहे आणि तो नजरेआड करू नये. उपासमार भोगणाऱ्यास अनिश्चिततेचे महत्त्व सांगण्याचा अधिकार सुस्थित माणसाला नाही.

प्रार्थना आणि औषधोपचार

ख्रिस्ती परंपरेत प्रार्थना व औषध हे परस्परविरोधी मानलेले नाहीत. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी तैलाभ्यंग करून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेत हा संस्कार दीर्घकाळ मरणासन्न अवस्थेशी जोडला गेला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली तो ‘आजाऱ्यांचा तैलाभ्यंग’ म्हणून ओळखणे अधिक योग्य असल्याचे सांगितले आणि १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी सुधारला. त्यामुळे गंभीर आजाराच्या आरंभीही तो देता येतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर स्वतंत्र प्रेषितीय पत्र लिहिले. १९९३ पासून ११ फेब्रुवारी हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून पाळला जातो.

महाराष्ट्रात या विचाराला संस्थात्मक रूप मिळाले. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरज येथे मिशन रुग्णालय उभारले आणि ते पश्चिम भारतातील शस्त्रक्रियेचे नामांकित केंद्र झाले. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी अवर्षणग्रस्त जामखेड परिसरात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यांतील अल्पशिक्षित, अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले. या कार्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. ख्रिस्ती श्रद्धेतून प्रेरणा घेतलेल्या या दांपत्याने आजाराचे मूळ अस्वच्छ पाणी, कुपोषण, जातिभेद व स्त्रियांची उपेक्षा यांत शोधले. त्यांच्या दृष्टीने आरोग्य देणारा ईश्वर विहीर, लस आणि सुईण यांच्याद्वारेही कार्य करीत होता.

लोकश्रद्धेचे रूप याहून वेगळे असते. वांद्र्याच्या मोत माउलीच्या यात्रेत मेणाचे हात, पाय, डोळे अर्पण केले जातात. उत्तन येथील वेलंकणी मातेच्या तीर्थस्थानीही आजारी माणसांचे आप्त प्रार्थनेसाठी येतात. या कृतीकडे केवळ नवस म्हणून पाहणे अपुरे ठरेल. आपल्या दुःखाला एक आकार देऊन ते इतरांच्या देखत ईश्वरासमोर ठेवणे, हा त्यातील अर्थ आहे. समुद्रावर जाणाऱ्या कोळी कुटुंबांस तर अनिश्चिततेचा अनुभव रोजचाच असतो. जाळे नीट विणणे, वाऱ्याचा अंदाज घेणे आणि होडी लोटताना प्रार्थना करणे, ही तिन्ही कामे तेथे एकाच श्रमाचा भाग असतात.

आक्षेप आणि मर्यादा

या विचाराचा गैरवापर होतो, हे मान्य केले पाहिजे. ‘विश्वास कमी पडला म्हणून आजार बरा झाला नाही’ असे रुग्णास सांगणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांचीच भूमिका पुन्हा घेणे होय. मधुमेहाची, क्षयाची वा मानसिक आजाराची औषधे प्रार्थनेच्या भरवशावर बंद करावयास लावणे हे तर प्राणघातक ठरू शकते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्रासारखे उपाय करणे गुन्हा ठरविले आहे. या कायद्यामागील तत्त्व आणि वर विवेचिलेला ख्रिस्ती विचार यांत विरोध नाही.

दुसरा आक्षेप असा की, दुःखाला शिक्षक मानल्याने अन्याय सहन करण्याची वृत्ती बळावते. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. विधवा, दलित, दरिद्री यांना ‘सोसा, देव पाहतो आहे’ असे सांगून गप्प बसविले गेल्याची उदाहरणे सर्वच धर्मांच्या इतिहासात आहेत. मात्र दुःखातून शिकता येते या विधानाचा अर्थ दुःख चांगले आहे असा होत नाही. रमाबाईंनी दुष्काळातून ईश्वरावलंबन शिकले आणि त्याच शिकवणुकीमुळे पुढील दुष्काळात त्या इतरांच्या मदतीस धावल्या. आपल्या वाट्यास आलेले दुःख दुसऱ्याच्या वाट्यास येऊ नये म्हणून धडपडणे, ही खऱ्या अवलंबनाची ओळख मानावी लागेल.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. ईश्वरावलंबन हे एका क्षणाचे रूपांतर नसून दैनंदिन अभ्यास आहे. आरोग्य हे त्याचे फळ असू शकते, परंतु त्याचा पुरावा नव्हे. तसेच ते श्रम, विवेक व वैद्यक यांना पर्याय नसून त्यांच्यासह चालणारे आहे.

अध्यापकांसाठी याचे प्रयोजन साधे आहे. संकटात सापडलेला विद्यार्थी जेव्हा देवावरील भरवशाची भाषा बोलतो, तेव्हा त्याची श्रद्धा खोडून काढण्याची घाई करू नये. त्याचप्रमाणे ‘देव तुझी परीक्षा पाहतो आहे’ असे सोपे उत्तरही देऊ नये. त्याचे ऐकून घ्यावे, घरच्या आजाऱ्यावर योग्य उपचार चालू आहेत ना याची चौकशी करावी, शिष्यवृत्ती, समुपदेशन वा शुल्कसवलत यांपैकी जे शक्य असेल ते मिळवून द्यावे. मान्ना वेचण्यासाठी हात लागतात; ते हात पुष्कळदा शेजाऱ्याचे, शिक्षकाचे असतात. श्रद्धावंताला ते ईश्वराचे वाटतील, अश्रद्धाला माणुसकीचे वाटतील. विद्यार्थ्याची फी मात्र दोन्ही प्रकारे भरली जाईल आणि त्याचे वर्ष वाचेल.